पापणीचं दार

वाटीतल्या कोमट पाण्यात ताईचा डोळा होता आणि त्या डोळ्याला पापणीचा एक केस चिकटला होता. एवढंच झालं. रविवारची सकाळ. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेली, डावी पापणी मिटलेली आणि आत काही नसल्यामुळे किंचित खोलगट. आणि ती, ताईची धाकटी बहीण, डोळ्यांच्या कॅन्सरच्या वॉर्डातली जुनी नर्स, ओट्याशी उभी राहून बोटावर साबणाचा थेंब घेऊन तो डोळा हलक्या हाताने चोळत होती. दर रविवारी चोळायची तसाच. डोळा बनवणाऱ्या कारागिराने अकरा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, की बाई, महिन्यातून एकदा धुतलात तरी पुष्कळ, उगाच काढघाल करू नका. पण ताईला रविवारी धुतलेला डोळा हवा असायचा आणि हिला रविवारची ताई. केस काळा होता. साबण लागला तसा त्याच्यावरचा काळा रंग सुटला, धुरासारखा पाण्यात पसरला, आणि खाली उरला तो केस पांढरा. मुळापासून टोकापर्यंत पांढरा, जुन्या चादरीतून निघालेल्या दोऱ्यासारखा. तिने तो बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरला, मग नळ सोडला आणि जाऊ दिला. "काय गं, डोळा पळाला का माझा?" खुर्चीतून ताई म्हणाली. "पळतोय कुठे? एकट्याला रस्ता दिसायला हवा ना." डोळा पुसून ती ताईपाशी गेली. अंगठ्याने वरची पापणी उचलली, डोळ्याची वरची कड आत सरकवली, खालची पापणी हळूच ओढली, आणि डोळा आपल्या घरी जाऊन बसला. "बसला?" "बसला." एवढ्या जवळून तिने पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या काळ्याभोर, एकेक केस रंगाने जाड झालेला. भुवयांवरून पेन्सिल फिरलेली. जन्मात पावडरचा डबा न उघडलेली ताई. दोनतीन महिन्यांपूर्वी हिनेच थट्टा केली होती, म्हातारपणी नट्टापट्टा सुचला का, म्हणून. "आरशाला तरी काम नको का," ताई म्हणाली होती, आणि दोघी खूप हसल्या होत्या.

घरी परतताना रस्ता नेहमीचाच होता, चपलांची दुकानं, चावीवाला, बंद बँकेच्या पायरीवर झोपलेलं मांजर. डोक्याचे केस वयाने पांढरे होतात. पापण्यांचे सहसा होत नाहीत; झालाच तर एखादा चुकार. दोन्हीकडच्या सगळ्या पापण्या पिकायच्या तर तिच्या माहितीत त्याला एकच कारण होतं, आणि ते कारण ती रोज स्वतःच्या हाताने बाटलीतून नळीत सोडत होती. डोळ्याला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांतलीच एखादी फितूर होते. डोळा काढून टाकला तरी तिची पिल्लं त्याआधीच रक्तातून निसटलेली असतात. वर्षानुवर्षं गपचूप बसतात, आणि उठतात ती बहुतेक वेळा यकृतात. मग आठवड्याला एक सलाईन. ते औषध शरीराच्याच शिपायांना गोळा करून सांगतं, रंगवाला दिसला की धरा. शिपाई धरतात, पण त्यांना रंगवाल्यांतला चोर कोण नि साव कोण ते कळत नाही. कातडीतले, भुवयांतले, पापण्यांतले गरीब रंगवालेही मारले जातात. तिच्या वॉर्डात एक निवृत्त पोस्टमन होता, त्याच्या पापण्या अशाच पिकल्या होत्या. आरशात बघून म्हणाला होता, "सिस्टर, खिडकीवर बर्फ पडलं बघा." पेशंटचं नाव घराबाहेरच ठेवायचं हा तिचा नियम, म्हणून फोनवर ताईला सांगताना ती त्याला टपालवाला म्हणायची. टपालवाला, शिंपीणबाई, हेडमास्तर, चिडका बिब्बा. ताई प्रत्येकाची आठवणीने चौकशी करायची. टपालवाल्याची जरा जास्तच.

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली आणि वडील पाळीने कामाला, म्हणून हिला वाढवलं ते ताईनेच, स्वतः शाळेत जाता जाता. झोपवताना ताई स्वतःच रचलेलं म्हणायची, तेच तेच, कारण दुसरं रचायला वेळ नसायचा:

पापणीचं दार । लाव माझे बाई
बाहेर बसली । जागी तुझी ताई

आणि ही दार लावायची. पलीकडे कुणीतरी जागं आहे या भरवशावर जी झोप लागते, तशी झोप पुढे तिला संसारात कधी लागली नाही. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, कानाला यंत्र लावून आयुष्यभर लोकांच्या गोष्टी एकमेकांना जोडून देत बसली, आणि त्यातल्या एकीचाही उच्चार कधी घरी केला नाही. ऐकायचं आणि खाली टाकायचं, म्हणायची, नाहीतर माणसाचं गटार होतं. नुसत्या 'हॅलो'वरून ती सांगायची, हा कर्ज मागणार, ही रडून आलीय, हा खोटं बोलणार. मग तो डोळा. डोळ्यात काळी गाठ निघाली तेव्हा ही त्याच वॉर्डात नर्स होती, आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ताईच्या खाटेवर बसून तिने एकच मागितलं होतं. "पुढे काहीही निघालं तर पहिलं मला सांगायचं. डॉक्टरच्या आधी, देवाच्या आधी." ताई म्हणाली होती, "तुझ्याशिवाय आहेच कोण मला सांगायला?" तेव्हापासून रस्त्याने चालताना ही ताईच्या डाव्या हाताला चालायची, न दिसणाऱ्या बाजूला, खांबापासून, सायकलींपासून ताईला वाचवत. इतकी वर्षं. आता चावीवाल्याच्या टपरीपुढे उभी राहून तिला वाटलं, ताईला सगळं दिसत होतं. न दिसणारी बाजू आपलीच होती.

मंगळवार. मंगळवारी ताई गाडी शिकायला जायची. हिचा नवरा मोटार शिकवायचा, सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, आणि त्याच्या त्या दोन ब्रेकांच्या गाडीत बसून गेल्या थंडीपासून ताई दर मंगळवारी सकाळी निघायची ती दुपार कलल्यावर परतायची. साठी उलटल्यावर, एका डोळ्यावर, गाडी. याचा विनोद घरात नुसता वाहत होता. अर्धाच रस्ता दिसतो म्हणजे पेट्रोल अर्धंच लागेल. समोरून ट्रक आला तर ताई फक्त त्याच्या निम्म्याला घाबरते. वॉर्डात तिने हे सांगितलं होतं आणि चिडका बिब्बासुद्धा हसला होता. हा एवढा मोठा विनोद तिच्यासमोर आणून ठेवला होता, दारात हत्ती बांधावा तसा, म्हणजे मागच्या घरात काय चाललंय ते तिला दिसू नये.

संध्याकाळी मास्तर गाडीची काच पुसत होता. "अहो, मंगळवारी ताईला कुठे नेता?" "शिकवायला." "काय?" "गाडी. मी दुसरं काय शिकवतो, गाणं?" ती म्हणाली, "तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात." काचेवरचं फडकं थांबलं. मग पुन्हा त्याच जागेवरून फिरलं, आधीच लख्ख झालेल्या जागेवरून. "शपथ घातली होती ताईंनी," तो काचेकडे बघत म्हणाला. "गळ्याची." "कुणाच्या?" "तुझ्या." या माणसाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. शेजाऱ्याच्या मुलीचं ठरलं तर शेजाऱ्याच्या आधी हा चौकात सांगायचा. आणि याने अख्खा हिवाळा, अख्खा उन्हाळा हे पोटात ठेवलं होतं, तिच्या शेजारी झोपून, तिच्या हातचं जेवून. "पहिल्यांदा शिकवणी खोटीच होती," तो सांगू लागला, आणि एकदा सांगायला लागल्यावर त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं, तेच तिला जास्त लागलं. "मग त्या म्हणाल्या, मास्तर, जन्मात एकच खोटं बोलतेय, तेवढं तरी खरं करून द्या. आता गोदामांमागच्या रस्त्यावर त्याच चालवतात. चांगला हात आहे. हॉस्पिटलच्या अलीकडे मी घेतो." "आणि ब्रेक?" "ब्रेक माझ्याकडे असतो ना," तो म्हणाला.

त्याच थंडीत ताई तीनदा सहलीला गेली होती. लागोपाठच्या आठवड्यांत, एक-एक रात्र, एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींबरोबर. तिने स्वतः स्वेटर भरून दिला होता. परत आल्यावर "थंडी होती का गं?" विचारलं तर ताई म्हणाली होती, "होती तर. दातावर दात वाजत होते." चेहरा लाल, डोळ्यांभोवती सूज. ऊन लागलं म्हणाली. या औषधाच्या पहिल्या तीन वेळा पेशंटला रात्रभर ठेवून घेतात, ताप चढतो, हुडहुडी भरते, रक्तदाब घसरतो, अंगभर पुरळ उठतं, म्हणून. म्हणजे ताई खोटंही बोलली नव्हती. दातावर दात वाजतच होते. फक्त त्या दातांशेजारी बसून दुसऱ्याच कुणी पांघरूण ओढलं होतं, दुसऱ्याच कुणी दंडाला पट्टा बांधून पारा चढताना बघितला होता. त्या कोण्या बाईचा हात तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. नखं कापलेला, घड्याळ काढून ठेवलेला, तिच्या हातासारखाच हात. तिला त्या हाताचा हेवा वाटला, नवऱ्याच्या अंगाला परका वास यावा तसा.

मंगळवारी ती कामावर गेली. त्या दिवशी शिंपीणबाईची दुसरी खेप होती. तिने सुई लावली, थेंब मोजून सोडले, सुती चादर अंगाभोवती सैल ठेवली कारण कातडी आता तापेल आणि शिवण टोचेल. दुपारी थंडी वाजायला लागल्यावर पांघरूण घातलं, ताप चढल्यावर तेच काढलं, कोमट पाण्याने अंग टिपलं, चोळू नका हो, नुसतं टिपा, असं तिच्या सुनेला दाखवलं. मलम बोटांच्या पोटाने लावलं. प्रत्येक गोष्ट करताना तिच्या हातांना वाटत होतं, आत्ता, याच घटकेला, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात हेच चाललंय. "सिस्टर, मी बरी होईन ना हो?" शिंपीणबाईने विचारलं. "आज फक्त आजचा ताप उतरवायचा. उद्याचं उद्या शिवू," ती म्हणाली, आणि शिंपीणबाई हसली. हा तिचा वॉर्डातला आवाज. तो खोटा नव्हता. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी न मोडता पेशंटपुढे ठेवायचा. सुटी झाली की तो ती कपड्यांच्या कपाटात टांगून यायची, आणि मग बसची वाट बघत ताईला फोन लावायची आणि चुरगळलेलं बोलायची. "हं, बोल. सुटलीस का?" ताईचा ठरलेला प्रश्न. "सुटले." "आज काय?" रविवारी वॉर्डाचा विषय नाही, फोनवर मात्र फक्त तोच. टपालवाल्याला फार खाज सुटते का गं, त्याला काय लावता? तोंडाची चव गेली तर तो खातो काय? कुशीवर झोपला की दुखतं म्हणतो, मग उशी कुठे ठेवता? आणि ही सांगायची. गुडघ्यांखाली एक, पाठीला एक. गार दूध थोडं थोडं. गरम पाण्याने आंघोळ नाही. थंडीपासून ती ताईची शुश्रूषा करत होती आणि तिलाच पत्ता नव्हता. ताईने तिचे हात तिला न विचारता उसने नेले होते. पण हेही एक वेळ सोसलं असतं. बसथांब्यावर उभी असताना तिला ती दुसरी संध्याकाळ आठवली. टपालवाला गेला ती संध्याकाळ. "गेला गं. जातातच, एकदा यकृतात उठलं की. औषधाने थोडा वेळ मिळतो एवढंच." ताईने विचारलं, "शेवटी त्रास झाला का त्याला?" आणि ती दमलेली होती, पाय दुखत होते, फोनवर ताई होती. "दुखलं नाही, आपण दुखू देत नाही. पण पोट फुगलं, पिवळा झाला, मग डोक्यात धुकं शिरलं. चार दिवस त्याने बायकोला ओळखलं नाही. ती आपली हात धरून सांगत बसली, मी आहे, मी आहे, आणि हा तिला म्हणतोय, बाई, तुमचं पत्र नाही आलं." हे तिने सांगितलं होतं. वर हसलीही होती थोडी, रडू येऊ नये म्हणून. मेली तरी तिने कुठल्याच पेशंटला हे सांगितलं नसतं. ताईने ते तिच्याकडून काढून घेतलं होतं, तिच्याच तोंडाने. त्या संध्याकाळी तिने फोन लावला नाही. ताईचा आला. वाजू दिला.

रविवारी ती वेळेवर गेली. ताई खुर्चीत बसली, मान मागे टाकली. तिने डोळा काढून वाटीत ठेवला आणि वाटी ओट्यावर नेण्याआधी ओला कापूस घेऊन काही न बोलता ताईच्या पापण्या पुसायला लागली, आधी डावी, मग उजवी, आतून बाहेर, वॉर्डात पुसतात तशा. कापूस काळा होत गेला. खालून पांढरं निघत गेलं. ताईने अंग चोरलं नाही. पुसून झाल्यावर उजवा डोळा उघडला, आणि त्या पांढऱ्या झालरीतून बघणारी ताई एकाच वेळी फार म्हातारी आणि नुकती जन्मलेली दिसली.

"मास्तर बोलले?"

"त्यांच्याआधी तुझी पापणी बोलली."

"तरीच मंगळवारी फोन उचलला नाहीस."

"पहिलं मला सांगणार होतीस तू."

"होते."

"मग?"

ताईने कापूस तिच्या हातातून घेतला आणि त्याची गोळी करत राहिली. "डॉक्टर माझ्याशी बोलायच्या आधी एक श्वास घेतो," ती म्हणाली. "तिथली नर्स, पोरगी गुणाची आहे, सुई टोचली तर कळत नाही, पण तीसुद्धा. सगळे माझ्याशी इस्त्रीचं बोलतात. जन्मभर आवाज ऐकले मी, मला कळतं ना गं. एक तू होतीस, बसच्या धुरात उभी राहून खरं बोलणारी. तुला सांगितलं असतं, तर टपालवाल्याचं तू मला सांगितलं असतंस?"

"मला काय ठाऊक मी कुणाला सांगतेय. मी ताईला सांगत होते."

"म्हणून तर."

"लुटलंस तू मला," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो," ताई म्हणाली. "लहानपणी तुझ्या वाटणीचं कधी खाल्लं नाही. आता खाल्लं."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ताईनेच तिचा हात धरला आणि झग्यावरून उजव्या फासळ्यांखाली नेऊन ठेवला. "आता कळलंच आहे, तर बघ. तिथे कुणी धड सांगत नाही." हाताला विचारावं लागत नाही. बोटं आपोआप सपाट झाली, ताईच्या श्वासाबरोबर आत गेली, आणि फासळीखाली, जिथे मऊ पोट असायला हवं तिथे, ती कड लागली. टणक, खडबडीत, चार बोटं पुढे आलेल्या उंबऱ्यासारखी. "काय?" ताई म्हणाली. तिने तोंड उघडलं आणि तिच्या नकळत कपाटातला तो आवाज बाहेर आला. "थोडी सूज वाटतेय. औषधाने येते तशी. या आठवड्यात पोटाचा फोटो काढतील तो बघू, मग..." ताई मान किंचित कलती करून ऐकत होती, कानाला यंत्र लावल्यासारखी. मग हसली, अगदी हळू. "घे. गेली."

"कोण गेली?"

"फोनवरची. तिच्यासाठीच तर एवढं केलं होतं."

ती वाटी घेऊन ओट्यापाशी आली. तिला ताईचा राग येत होता. या रागाला आता मोठं व्हायला, पिकायला, गळून पडायला वेळ मिळणार नव्हता हेही त्या कडेवरून तिच्या बोटांना कळलं होतं, आणि त्याचा वेगळा राग. पाण्यातून डोळा वर बघत होता. कारागिराने त्याच्या पांढऱ्यात लाल रेशमाचे बारीक धागे बसवले होते, शिरा म्हणून. जागरण झाल्यासारखा दिसायचा तो नेहमी. तिने पदराला हात पुसले. फोन काढला. लावला. पलीकडच्या खोलीत ताईचा फोन वाजायला लागला. दोन भिंतींच्या मधलं अंतर, आणि तो वाजतच राहिला. मग थांबला.

"हं, बोल," ताईचा आवाज कानात आला, आणि मागोमाग दारातून, जरासा उशिरा. "सुटलीस का?"

"सुटले."

"आज काय?"

"आमच्याकडे एक बाई आहे."

"काय नाव ठेवलंस?"

"शिकाऊ."

दारातून हुंकार आला, हसण्यासारखा. "बरं. काय म्हणते शिकाऊ?"

"यकृत हाताला लागतंय तिचं. दगडासारखं. मला नाही वाटत औषध चालतंय. सांगणार नाहीत एवढ्यात, दुसरं काहीतरी काढतील. थोडे दिवस चांगले जातील. मग पोटात पाणी होईल, झोप वाढेल. दुखणार नाही, ते मी बघेन."

"आणि डोक्यात धुकं?"

"येईल."

"बहीण आहे म्हणतात तिला एक. ओळखेल का तिला?"

ओट्याची कड थंड होती, तिने ती धरून ठेवली. "शेवटी नाही ओळखायची," ती म्हणाली. "काय बोलायचं असेल ते आधी बोलून घ्यावं."

फोनमध्ये ताईचा श्वास ऐकू येत होता. "बहीण रागावलीय का तिच्यावर?"

"हो."

"जाईल?"

"नाही वाटत. पण येईल ती. रविवारी, आणि मधल्या वारीसुद्धा."

मग ताईने विचारलं, "हे सगळं त्या बाईला सांगितलंस?"

"छे. पेशंटला कुणी असं सांगतं? तुला सांगतेय फक्त."

"बरं केलंस," ताई म्हणाली. "ये आता. डोळा बसव. पाणी गार झालं असेल."

तिने पाण्यात बोटं घातली. झालं होतं.